पाणी खारं की गोडं

मागच्या रविवारी रात्री जेवणं आटपल्यावर आम्ही सगळे मोबाइल घेऊन बसलो होतो, इकडे गोव्यात, फोंड्याला मी, नवरा आणि माझी मुलगी ओवी, तिकडे पुण्याहून व्हिडिओ कॉलवर दादा, वहिनी आणि त्यांचा अथर्व. विषय मगरींचा. ओवी नऊ वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर आमच्या घरात मगरींशिवाय दुसरं काही बोललं जात नाही, अथर्व तेराचा, त्याला सापांचं वेड, दोघांनी मिळून इतकं पिडलं की शेवटी दादाच म्हणाला, चला, एकदाचं चेन्नईला जाऊन येऊ, ती क्रोकोडाइल बँक बघू, तसंच पुढे महाबलीपुरम करू, आईचंही फिरणं होईल. मग काय, मोपाच्या विमानतळावरून जायचं की दाबोळीच्या, हॉटेल समुद्राकडचं की शहरातलं, सात जणांना एकच गाडी पुरेल का, सगळे एकाच वेळी बोलत होते, स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट येत होते. आई स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून दुसऱ्या दिवशीच्या मुगागाठीसाठी मोड आलेले मूग सोलत होती. हिरवी सालं एका बाजूला, पांढरे मूग वाडग्यात. तिच्याकडे खरंतर कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि त्या गोंगाटात मध्येच तिने विचारलं, "तिथलं पाणी खारं की गोडं?"

कुणी उत्तर दिलं नाही.

म्हणजे मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं. "अगं आई, टाक्या असतात तिथं, नळाचं असेल पाणी," असं म्हणून मी परत फ्लाइटच्या वेळा बघायला लागले. अथर्व तिकडून म्हणाला, "आजी, वॉटर पार्क नाहीये ते," आणि सगळे हसले. आईपण थोडं हसली. सोललेले मूग धुतले, वाडग्यावर झाकण ठेवलं आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही जाऊन या हां. मी राहते घरी. तुळशीला पाणी कोण घालणार?" आईला जेव्हा कुठं जायचं नसतं तेव्हा तुळस मध्ये येते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मामाच्या घराची वाटणी झाली त्या दिवशीपण तुळशीला पाणी कोण घालणार हेच कारण होतं. त्यामुळे सोमवारपासून ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. ऑफिसात बसून हॉटेलांचे रिव्ह्यू वाचत होते आणि मनात सारखं, खारं की गोडं, खारं की गोडं. काय विचारायचं होतं तिला?

आईचं माहेर जुवारी नदीच्या काठचं, दुर्भाट-आडपईच्या बाजूचं. आम्ही मे महिन्यात तिथं जायचो, आणि त्या घराचं जे काही माझ्या अंगात राहिलंय ते सगळं चिखलाच्या वासाचं आहे. खाजनाचा, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा, चिखल वेगळाच असतो, काळा, मऊ, थोडा कुजका, थोडा मासळीचा, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तो वास पार पडवीपर्यंत यायचा आणि आजोबा नुसत्या वासावरून सांगायचे की पाणी किती उतरलं. एका बाजूला नदी, एका बाजूला शेत, आणि मध्ये तो बांध, मातीचा, गवताचा, काही ठिकाणी दगड बसवलेला, पाय ठेवला की किंचित दबणारा. बांधात मानस. लाकडी दारं, भरती आली की नदीच्याच पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटणार, सुकतीला आतलं पाणी ढकलून उघडणार, कुणी हात लावायची गरज नाही. रात्री झोपल्यावर लांबून त्या दारांचा धप्प असा आवाज यायचा आणि आई झोपेतच म्हणायची, भरती लागली. अमावास्या-पौर्णिमेला पाणी मोठं, तेव्हा आजोबा आणि मामा बत्ती घेऊन मानशीवर जाळं लावायला जायचे आणि पहाटे टोपलीभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन यायचे, चमकणारी, तडतडणारी, काही अजून उड्या मारणारी. तो आवाज मला आज या फ्लॅटमध्ये बसूनपण ऐकू येतो.

तर त्या गावात खारं आणि गोडं हा रोजचा प्रश्न होता. बांध फुटला की संपलं, खारं पाणी शेतात शिरलं की ते एका पिकावर भागत नाही, मीठ जमिनीत बसतं आणि पुढची काही वर्षं जातात. कोरगुट हे भाताचं बियाणं खारटपणा सोसतं म्हणून तिथं टिकलं, पण त्यालाही मर्यादा आहेच. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं पाडतात, वरून काही दिसत नाही आणि आतून बांध पोकळ होत जातो, म्हणून आजोबा रोज संध्याकाळी बांधावरून चालत जायचे, जिथं ओल दिसेल तिथं वाकायचे, बोट बुडवायचे आणि जिभेला लावायचे. आईपण करायची ते. लग्न होऊन फोंड्याला आली, नळाच्या पाण्याखाली पन्नास वर्षं भांडी घासली, तरी अजून कुठल्या नदीकाठी गेली की तिचा हात पाण्यात जातो आणि बोट जिभेकडे. आम्ही लहान असताना ओरडायचो, आई घाण असतं ते!

तिने विचारलेलं ते हेच, हे मला मंगळवारी कधीतरी बसमध्ये सुचलं. पण तेवढंच नव्हतं.

माणगें मी पहिल्यांदा बघितलं ते सात-आठ वर्षांची असताना. मगर हा शब्द तिथं कुणी वापरत नव्हतं, आजोबा मराठी बोलताना कधी सुसर म्हणायचे, पण ते शाळेपुरतं, आणि आता ओवीच्या पुस्तकात बघते तर सुसर म्हणजे ती दुसरीच, लांब चिंचोळ्या तोंडाची, मासे खाणारी, घडियाल. आपल्या नदीतली ती मगर. पण घरात शब्द एकच, माणगें. पलीकडच्या काठावर, खारफुटीच्या मुळांखाली चिखलात एक ओंडका पडलेला आणि मी विचारलं, तो कुणाचा ओंडका, तर आजोबांनी माझं दाखवलेलं बोट अलगद वाकवलं. देवळात देवाकडे दाखवताना वाकवतात तसं. म्हणाले, "बोट सरळ करायचं नाही. बघ आणि गप्प रहा." मग ओंडक्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं, कितीतरी वेळ. मला वाटलं आम्हाला भिववायला. आता ओवी सांगते की ते अंग थंड करायला तसं करतात, आपल्यासारखा घाम त्यांना येत नाही. तिचं बरोबर आहे, पण त्या दिवशी त्या उघड्या तोंडासमोर आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो आणि आजोबांचा हात माझ्या खांद्यावर होता, तेपण बरोबरच होतं.

आणि पौष अमावास्येची माणगे थापणी. गोव्याबाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आमच्या त्या बाजूला शेतकरी बांधाजवळ चिखलाची मगर करतात आणि तिची पूजा करतात. मोठी करतात, चांगली माणसाएवढी. थापून थापून पाठ उभी करायची, शेपटीला वळण द्यायचं, अंगावर शिंपल्या खोचायच्या, काड्यांचे दात. फुलं वाहायची आणि गाऱ्हाणं घालायचं की आम्ही पाण्यात उतरतो, आमची गुरं पाण्यात उतरतात, आमची पोरं बांधावर खेळतात, सांभाळून घे. आई लहानपणी शेपटी थापायची. मोठी माणसं डोकं करायची, पोरांना शेपटी. तिने मला एकदा सांगितलं होतं की जानेवारीतल्या त्या चिखलाने हात इतके गार पडायचे की घरी येऊन चुलीपुढे धरल्यावर बोटं दुखायची, आणि तरी दुसऱ्या वर्षी परत सगळ्यात आधी तीच चिखलात. मग भरती यायची आणि हळूहळू ते माणगें पाण्यात विरघळून जायचं. विसर्जन वगैरे काही नाही, नदीच येऊन घेऊन जायची.

कधी कुणाचं वासरू गेलं, कधी कुत्रं गेलं, अशा गोष्टी आजोळी ऐकल्यात. पण "मारून टाका त्यांना" असं बोललेलं एकदाही ऐकलं नाही. हे मी गोड करून सांगत नाहीये. भीती होतीच, संध्याकाळनंतर पाण्यात पाय घालायचा नाही म्हणजे नाही, त्यासाठी मी एकदा मामाच्या हातचा मारपण खाल्लाय. भीतीसकट राहायचं, एवढंच. एका बांधाच्या इकडे आम्ही, तिकडे ते.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगायला मला बरं वाटत नाही. सात वर्षांपूर्वी आम्ही गोव्याबाहेर एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो, ओवी तेव्हा कडेवर होती. उन्हाची वेळ, सुट्टीची गर्दी. मगरीचा हौद होता, सिमेंटचा, हिरवं पाणी, कडेला चिप्सची पाकिटं, एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती. एक मोठी मगर कडेला पडलेली, हलत नव्हती. आणि लोकांना तेच सहन होत नव्हतं, की ती हलत नाही. कुणीतरी म्हणालं, खोटी आहे रे, सिमेंटची आहे, आणि एका मुलाने खडा मारला. मग दुसऱ्याने. एक खडा डोळ्याजवळ लागला आणि डोळ्यावरून एक पातळ पांढरट पडदा बाजूने सरकून गेला, परत आला, बस, तेवढीच हालचाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओवीला दाखवत होते, बघ बघ, जिवंत आहे. आणि शेजारी बघते तर आईने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि ती कठड्यासमोर हात जोडून उभी होती. डोळे मिटलेले. मागे दोन-तीन पोरं हसायला लागली, एकाने मोबाइल वर केला. आणि मी काय केलं, तर मी पुढे होऊन आईचे जोडलेले हात धरून खाली केले. "आई, चल, लोक बघतायत."

खडा मारणाऱ्याला मी काही बोलले नव्हते.

आईने चपला घातल्या. संध्याकाळी परत येताना गाडीत ती ओवीला गोष्ट सांगत होती, काही झालंच नाही अशी. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, आणि मी ते विसरूनपण गेले होते असं मला वाटत होतं, पण या आठवड्यात बघते तर सगळं जसंच्या तसं, तिच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या माझ्या हातात दाबल्या गेल्या तो आवाजसुद्धा.

इकडे प्लॅन चालूच होता. दादाने डिसेंबरचा शेवटचा आठवडा सुचवलेला, शाळांना सुट्टी म्हणून, पण तिकडचा पाऊस आपल्यासारखा नाही ना, त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, वादळंही बहुतेक तेव्हाच येतात. आणि पाऊस-ढग असले की मगरी पाण्यातच राहणार, उन्हाला वर येणार कशाला. ओवीला हवी होती पिल्लं, मगरी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाळूत खड्डा करून अंडी घालतात, पंचवीस-तीस तरी, आणि दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं बाहेर, म्हणजे त्यासाठी मे-जूनला जायला हवं, पण मेमधल्या चेन्नईच्या उन्हात सत्तरीच्या आईला आणि मुलांना घेऊन फिरणं मला पटलं नाही. मग फेब्रुवारीचा पहिला वीकेंड ठरला, हवा बरी, ऊन कोवळं, सकाळी मगरी काठावर येऊन पडलेल्या असतात. मी हॉटेल चेन्नईत न घेता महाबलीपुरमला घ्यायचं ठरवलं, कारण क्रोकोडाइल बँक आहे वडनेम्मेलीला, शहराबाहेर ईस्ट कोस्ट रोडवर, महाबलीपुरमहून ती बरीच जवळ पडते, मग सकाळी दार उघडायच्या वेळेला पोचता येईल. मुलांना मी एकच सांगितलं, मगर हलली नाही म्हणून कंटाळा आला असं कुणी म्हणायचं नाही. त्यांचं अंग उन्हावर चालतं, आपल्यासारखं आतून सतत पेटलेलं नसतं, म्हणून त्यांना खायलापण कमी लागतं, पाळलेल्या मगरींना आठवड्यातून एक-दोनदा दिलं तरी पुरतं. पडून राहणं हे त्यांचं कामच आहे.

ओवीने एक वही केलीय. कव्हरवर स्केचपेनने मगर, आत नोंदी. ती रोज रात्री मला त्यातलं वाचून दाखवते आणि मला खरंच आवडतं ते ऐकायला. मगरीचं पिल्लू नर होणार की मादी हे अंडं किती गरम राहिलं त्यावर ठरतं, साधारण साडेबत्तीस डिग्रीला नर, त्याच्या बरंच खाली गेलं तर माद्या. आई-मगर पिल्लांचा आवाज ऐकून वाळू उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्याकडे नेते, त्याच दातांमध्ये धरून. आणि वहीतलं तिचं सगळ्यात लाडकं पान, बगळ्यांच्या विणीच्या दिवसांत मगरी नाकाडावर काड्या घेऊन पाण्यात निपचित थांबतात, घरट्यासाठी काडी उचलायला बगळा आला की झडप. हे २०१३ साली अभ्यासकांनी लिहिलं, आणि मगरींना तसं करताना बघितलं ते याच चेन्नईजवळच्या तळ्यांत. ओवी म्हणते, आई, म्हणजे त्यांना माहीत असतं की बगळ्याला काय हवंय! अथर्वची वेगळी वही नाही, त्याचं सगळं डोक्यात. त्याला इरुळा लोकांचं काम बघायचंय, पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी माणसं, कातड्याचा व्यापार बंद झाला तेव्हा पोटावर आलं, मग १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली, ती तिथंच आवारात आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं पकडून विष काढतात आणि साप परत सोडून देतात. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध होतं. आजोळच्या शेजारच्या एका काकांना भाताच्या कापणीत घोणस चावली होती, ते वाचले, पाय आखडला पण वाचले. त्यांना दिलेली इंजेक्शनं कुठून आली असतील याचा विचार मी इतक्या वर्षांत केला नव्हता, तो मला तेरा वर्षांच्या भाच्याने करायला लावला.

क्रोकोडाइल बँक १९७६ ची, रोम्युलस आणि झई व्हिटेकर यांनी सुरू केलेली. कातड्यासाठी मगरी इतक्या मारल्या गेल्या होत्या की आता उरतात की नाही अशी वेळ आली होती, १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, पण नुसत्या कायद्याने अंडी थोडीच उबतात, म्हणून बँक. ठेव ठेवायची, वाढवायची, मग नद्यांमध्ये परत भरायची. आणि ती वाढलीसुद्धा. इतकी वाढली की सोडायला जागाच उरली नाही. हे मी परवा रात्री वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवून बराच वेळ तशीच बसले. मगरी आहेत, पण त्यांना कुणी काठ द्यायला तयार नाही. आणि इथं आपल्याकडे मांडवी आणि जुवारीला जोडणारा तो कुंभारजुव्याचा कालवा, पंधरा-एक किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना गावं, शेतं, पूल, वरून हायवेच्या गाड्या, एकेकाळी पावसाळ्यात समुद्राची वाट बंद झाली की खनिजाच्या बार्जी, म्हणजे मोठ्या मालवाहू बोटी, याच कालव्यातून मुरगाव बंदराकडे जायच्या, २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पाणी जरा शांत झालं, आणि या सगळ्यात ती माणगीं राहिली. कुणी बँक काढली नाही, कठडा बांधला नाही. लोक म्हणतात आदिलशहाने तिसवाडी बेटाच्या राखणीला सोडली होती, कुणी म्हणतात पोर्तुगीजांनी. मला वाटतं ती आधीपासूनच होती आणि राजवटी त्यांच्या काठावर येऊन गेल्या. त्यांना राहू दिलं ते चिखल थापणाऱ्या माणसांनी. हे मी अभिमानाने लिहितेय, आणि लिहितानाच ते खाली केलेले हात आठवतायत.

बुधवारी संध्याकाळी वीज गेली होती. आई बाल्कनीत बसलेली, मी शेजारी जाऊन बसले. खालून कुणाच्या तरी घरच्या सुक्या बांगड्याचा वास येत होता. मी सरळच विचारलं, "आई, त्या दिवशी पाणी खारं की गोडं असं का विचारलंस?" मला वाटत होतं की आता ती त्या हौदाचं बोलेल, मी माफी मागायची तयारी करून आले होते, वाक्यं जुळवून. ती म्हणाली, "अगो, माणगें हे गोड्या पाण्यातलं जनावर. आमच्याकडे खाऱ्यात राहायचं. बाबा म्हणायचे, आपल्यासारखंच आहे त्याचं, जिथं मिळालं तिथं राहिलं. पाऊस लागून नदी गोडी झाली की बाबा म्हणायचे, आज माणगें पोटभर पाणी पिणार. म्हणून विचारलं. तिथं त्यांना गोडं मिळतं का."

एवढंच होतं ते. त्यांना बरं आहे का, हे विचारत होती ती. सात माणसांच्या तिकिटांच्या गोंधळात मगरींच्या सोयीचं विचारणारी ती एकटी होती.

मी माफी मागितली नाही त्या क्षणी, जमलंच नाही, घशात काहीतरी आलं. ओवी टॉर्च घेऊन बाहेर आली, तिने ऐकलं होतं, म्हणाली, "आजी, त्यांच्या जिभेवर ना ग्रंथी असतात, त्यातून ते मीठ बाहेर टाकतात, म्हणून खाऱ्यात राहू शकतात." आई म्हणाली, "असं होय? बाबांना सांगायला हवं होतं. त्यांना फार वाईट वाटायचं त्यांचं." मग दोघी टॉर्चच्या उजेडात ती वही बघत बसल्या. जिथं जिथं ओवीने मगर लिहिलं होतं तिथं आई बोट ठेवून म्हणायची, माणगें, आणि ओवी पेन्सिलने वर लिहायची. आठव्या की नवव्या पानावर काड्यांचं चित्र आलं, बगळा आणि मगर, तर आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आम्ही काड्या दाताला लावायचो."

मी गुरुवारी दादाला फोन केला. चेन्नई फेब्रुवारीतच, पण त्याआधी जानेवारीत पौष अमावास्येला अथर्वला दोन दिवस इकडे पाठव, शाळा बुडू दे. मामेभावाला विचारलंय, आमच्या बांधाजवळ अजून थापतात, पूर्वीइतकी माणसं नसतात, बरीचशी शेतं पडीक आहेत, पण थापतात. जमलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे सुकती बघून बाणस्तारीकडून होडीने कालव्यात एक फेरी. होडीवाल्याला आधीच सांगायचं की जवळ नेऊ नका, लांबूनच. मुलांनी आधी ते बघावं, हात चिखलात घालून, मग कठड्याच्या पलीकडचं, हा क्रम मला हवाय. दादा म्हणाला, अगं पण त्याचा पेपर आहे. मग म्हणाला, बघतो. मग पाच मिनिटांनी मेसेज आला, "मीपण येतो. शेपटी मी केलेली आठवते तुला?" मला आठवत नव्हती. त्याने केली असेल.

काल रात्री परत मूग सोलणं चाललं होतं, म्हणजे आता मीपण बसले होते सोबत, माझी बोटं तिच्यासारखी भराभर चालत नाहीत. चेन्नईला सहा तिकिटं झालीत, सातवं मी धरून ठेवलंय. मी म्हटलं, "आई, मी शोधून काढलं. समुद्र अगदी मागेच आहे, लाटांचा आवाज येत असणार, पण तळ्यातलं पाणी गोडं आहे." तिने मान हलवली. "बरं झालं." मग थोडा वेळ काहीच नाही, नुसता सालांचा आवाज. वाडगा अर्धा भरला. मग माझ्याकडे न बघता, सकाळी चहा गाळताना बोलली होती त्याच आवाजात, "तिथं चपला काढून उभं राहिलं तर कुणी काही म्हणत नाही ना?"

मी हातातला मूग खाली ठेवला.

"मी उभी राहीन ना तुझ्या शेजारी," मी म्हटलं. "त्या दिवशी राहायला हवं होतं."

तिने वाडगा माझ्याकडे सरकवला. "तुळशीचं शेजारच्या वहिनींना सांगून ठेव मग," म्हणाली, आणि पुढची मूठ घेतली.